बस की, बसा की

आक्का,

तुमच्या शेवटच्या वाक्यात एक काना आहे की नाही, एवढंच मला ठरवायचं होतं, आणि अठरा दिवस ते ठरलं नाही. वही समोर उघडी आहे. प्रकाशकांचा दोनदा फोन येऊन गेला. तुमची भाची विद्या म्हणते, "काका, ती रेघोट्यांची लिपी तुमच्याशिवाय कुणाला येतीय? तुम्हीच काय ते ठरवा." ठरवतो म्हणालो, घरी आलो आणि पुन्हा वहीसमोर बसलो.

वाक्य साधं आहे. 'बस की जरा' किंवा 'बसा की जरा'. लघुलिपीत वेगानं लिहिताना आम्ही स्वर गाळतो, हे मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. व्यंजनांच्या रेघा मारत सुटायचं आणि काना, मात्रा, वेलांट्या मागाहून संदर्भ बघून लावायच्या. तुम्ही तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता. "म्हंजे माझ्या माणसांचं हातपाय तोडून तुम्ही पिशवीत भरतासा, आन घरी जाऊन पुन्हा जोडतासा म्हणा की!" चौतीस वर्षं मी न्यायालयात लघुलेखक म्हणून हेच केलं. कुणाचा पाय कुणाला जोडला, अशी तक्रार कधी आली नाही. आता आली आहे, ती माझीच माझ्याविरुद्ध.

तुम्ही गेल्यावर बरंच छापून आलं. कोणती कादंबरी कशी गाजली, कुठं काय सन्मान झाला. ते लिहिणारे ते लिहोत. मला तुमच्या पुस्तकांबद्दल वाचकासारखं बोलता येत नाही, कारण शेवटची चार पुस्तकं मी वाचलीच नाहीत. ती मी ऐकली.

तुमच्या उजव्या अंगठ्यानं संप पुकारला, म्हणून मी तुमच्या घरी आलो. डॉक्टरांनी पेन धरायची बंदी केली होती आणि टंकलेखन तुम्हाला येत नव्हतं. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात आमच्या हिच्या पायात पायात करत होतो. भाजी किती शिजली याचीसुद्धा नोंद ठेवायला लागलो तेव्हा हीच म्हणाली, "कुठंतरी जावा हो." वाचनालयातल्या एका ओळखीच्या माणसानं तुमचं नाव सुचवलं. तीन पेन्सिली टोक करून, नवी वही घेऊन मी दारात उभा राहिलो. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "या पावणं, बसा."

मी नाव सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत. तरी पुढची नऊ वर्षं मी पावणाच राहिलो. कोल्हापुरात रिक्षावाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळेच सगळ्यांना पावणं म्हणतात, म्हणून सुरुवातीला त्याचं काही वाटलं नाही. नंतर वाटायला लागलं, पण बोललो नाही. आमच्या पेशात बोलायची सवय नसते.

आपलं पहिलं भांडण आठवतंय? दुसऱ्याच दिवशी झालं. तुमची नायिका म्हणाली होती, 'मी जातो शेताकडं.' मी घरी नेऊन स्वच्छ कागदावर उतरवलं, 'मी शेताकडे जाते.' कोर्टातली शिस्तच तशी होती. साक्षीदार बाई 'मी बघितलो' म्हणाली तरी कागदावर 'मी पाहिले' असंच उतरायचं. तुम्ही तो कागद हातात घेऊन वाचलात.

"ही कोण बाई?"

"तुमची नायिका."

"न्हवं. ही कुणातरी सायबाची बायको हाय. आमच्याकडं बाई मी आलो म्हणती, मी जातो म्हणती. मी सोता म्हणतो. तुम्ही कुठलं?"

"कोडोलीचा."

"मग तुमची आई कसं म्हणायची?"

माझी आई शेवटपर्यंत 'जातो रं शेतात, भाकरी शिंक्यात हाय' असंच म्हणायची. आणि चौतीस वर्षांत मी एका बाईचं एकही वाक्य तसं लिहिलं नव्हतं.

"तुमची जीभ कोर्टात जप्त झालीया पावणं," तुम्ही म्हणालात. "सोडवून आणाय पायजे."

त्या दिवशी चालत घरी जाताना आईचा आवाज कानात इतका स्पष्ट आला, की मी एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. दुकानदार विचारायला लागला, कोणता नंबर दाखवू. आई गेल्यावर तिचा चेहरा आठवायचा, आवाज गेला होता. तो तुम्ही परत दिलात. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, आक्का. नऊ वर्षांत एकदा सांगायला काय झालं होतं मला?

सकाळी नऊला मी यायचो. तुमचं सगळं तोवर उरकलेलं असायचं. पाचला उठणं, अंघोळ, लिंगपूजा. पूजेच्या वेळी कुणाचा फोन आलेला खपायचा नाही. मग उभ्या उभ्या दह्यात कालवलेली भाकरी. बहिणीशी फोनवर कन्नडमध्ये मोठ्यानं पाच मिनिटं, ते भांडण आहे की ख्यालीखुशाली हे मला कधी कळलं नाही. आणि मग तुम्ही भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन जमिनीवर बसायचात आणि कादंबरी सुरू व्हायची.

लेखक मंडळी येऊन तुम्हाला लेखनप्रक्रिया विचारायची. तुम्ही त्यांना काहीबाही उत्तरं द्यायचात. खरी प्रक्रिया मी बघितली आहे. एक शेंग, एक वाक्य. शेंग फुटली की मी पूर्णविराम द्यायचो. वाक्य मनासारखं जमलं की दाणे तुमच्या तोंडात जायचे, फसलं की ताटलीत. दिवसाअखेर ताटलीतल्या दाण्यांची लसूण घालून चटणी व्हायची आणि डब्यात भरून ती तुम्ही माझ्या हातात द्यायचात. "घ्या, आजची बिघडलेली वाक्यं." आमची ही रोज डबा उघडून अंदाज करायची. डबा भरलेला असला की म्हणायची, "आज आक्कांचं काही खरं नव्हतं वाटतं."

एकदा तुमचं तीन दिवस काहीच जमेना. घरात चटणी ठेवायला जागा उरली नाही. चौथ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "चला, वाडीला जाऊ." मला वाटलं दत्तदर्शनाला. तुम्ही मला एसटीत खिडकीशी बसवलंत आणि कानात सांगितलंत, "म्होरल्या दोघी काय बोलतात ते उतरवून घ्या." पुढच्या बाकावर दोन जावा होत्या. सासूचा एक प्रेशर कुकर होता, तो कुणाकडं राहायचा यावरून त्यांची जुंपली होती. मी घेत सुटलो. शिरोळ येईपर्यंत सात पानं भरली. कंडक्टर माझ्या डोक्याशी येऊन उभा राहिला.

"काय लिवताय ओ पावणं? चेकिंगचं हाय काय तुम्ही?"

"व्हय," तुम्ही म्हणालात, "पर आमी माणसं चेक करतो. तिकिटं तुमची तुम्ही बगा."

नृसिंहवाडीत उतरून आपण घाटाच्या पायरीवर कवठाची बर्फी खाल्ली, देवाला लांबूनच हात जोडले आणि पुढच्या गाडीनं परत फिरलो. देवळात जायला हवं होतं, असं मी भीतभीत म्हणालो. तुम्ही म्हणालात, दत्त महाराज समजून घेतील, जावा समजून घेणार नाहीत, परतीच्या गाडीला त्याच असतील. आणि खरंच त्याच होत्या. कुकरचा निकाल मात्र लागला नव्हता.

त्यानंतर चार वर्षांनी आमची ही गेली. तुम्ही सकाळच्या वेळी घरातून कधी बाहेर पडायचा नाहीत, पण तिसऱ्या दिवशी नऊ वाजता तुम्ही माझ्या दारात. सरळ स्वयंपाकघरात गेलात, भात टाकलात, ताट वाढलंत आणि माझ्यासमोर ठेवून म्हणालात, "जेवलास का रं?"

जेवलास. नऊ वर्षांत एकदाच. मी घास घेतला आणि मला रडू आलं. ते हिच्यासाठी होतं हे खरं आहे, पण सगळंच हिच्यासाठी नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी तुमच्याकडं आलो तेव्हा तुम्ही पुन्हा "या पावणं, बसा" म्हणालात आणि मीही वही उघडली.

मग गेल्या हिवाळ्यात वकील आला. कोपऱ्यावरच्या गटारीत ते पिल्लू रडत होतं आणि तुम्ही त्याला पदरात घालून घरी आणलंत. मी आलो तेव्हा ते तुमच्या चुलीपाशी, म्हणजे गॅसखाली, फडक्यात गुंडाळून झोपलं होतं. मी स्पष्टच बोललो.

"आक्का, ह्या वयात कुत्रं?"

"मग कुठल्या वयात?"

दुसऱ्या दिवशी ते उठलं आणि जे भुंकायला लागलं ते थांबेचना. कुकरच्या शिट्टीवर भुंकलं, कॅलेंडरवर भुंकलं, स्वतःच्या शेपटीवर भुंकलं. समोरच्या पक्षाचं काही ऐकूनच घ्यायचं नाही, हा त्याचा बाणा बघून 'वकील' हे नाव मीच ठेवलं. तुम्हाला ते इतकं आवडलं, की घरी कुणी खरे वकील आले तरी तुम्ही "ए वकिला, गप!" म्हणून ओरडायचात आणि मी खाली बघायचो.

वकिलानं माझ्या किती पेन्सिली खाल्ल्या याचा हिशेब मी ठेवला नाही. चपलांच्या बाबतीत त्याची आवड ठरलेली होती. कातडी, करकर वाजणारी आणि फक्त डावी. उजवीला तो तोंड लावायचा नाही. जाताना मला रोज एका पायात चप्पल घालून घरभर दुसरी शोधावी लागायची आणि तुम्ही शेंगा फोडत मजा बघत बसायचात. खरं सांगू? घरी परतून कुलूप उघडण्याआधी तेवढी दहा मिनिटं मला हवीच असायची. मी वरवर चिडायचो इतकंच.

आणि ती चूक. ह्या कादंबरीतली. तुमची गंगव्वा आपल्या जावयाला पहिल्यांदा जेवायला वाढते, तो प्रसंग तुम्ही सांगत होता. मी मान खाली घालून लिहीत होतो. आमच्या पेशाचा पहिला धडाच तो, लिहिताना ऐकायचं, समजून घ्यायला जायचं नाही. समजायला गेलं की हात मागं पडतो. तुम्ही म्हणालात, 'गंगव्वानं ताटात पोळी वाढली.' शेंग फुटली. मी पूर्णविराम दिला. पुढं तुम्ही म्हणालात, 'सोड! सोड म्हणतो न्हवं? आल्यापास्नं नुसता दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा. लाज हाय का न्हाय?' तेही मी लिहिलं.

दिवसाअखेर वाचून दाखवताना मी ते सरळ गंगव्वाच्या तोंडचं म्हणून वाचलं. आपण दोघांनीही दाराकडं बघितलं. वकील दारात बसून माझी डावी चप्पल चघळत होता. तुम्ही आधी तोंडावर पदर घेतलात, मग सूप बाजूला सारलंत आणि इतक्या हसलात की शेजारच्या वहिनी धावत आल्या. मी वही पुढं करून म्हणालो, खोडतो. तुम्ही माझा हात धरलात.

"राहूदे! अगदी राहूदे. जावयाला हेच म्हणायचं हुतं तिला, पर मला धाडस हुईना. वकिलानं काम केलं."

ते वाक्य तसंच कादंबरीत आहे.

आता शेवटची सकाळ. ती लिहायची नाही असं मी चारदा ठरवलं.

शेवटचं प्रकरण होतं. गंगव्वाची लेक शैला, आईला आपल्याकडं कायमची न्यायला आलेली, आईनं नाही म्हटलेलं, आणि आता ती निघाली आहे. पुन्हा लवकर यायची नाही हे दोघींना ठाऊक आहे. आठ दिवस आपण ह्याच प्रसंगाशी अडलो होतो. तुमचं म्हणणं, गंगव्वा एक शब्द बोलणार नाही. माझं म्हणणं, बोलेल. मी तुमच्या कादंबरीत कधी नाक खुपसत नव्हतो, पण ह्यात खुपसलं.

"एवढी लांबून आलीय पोरगी, आक्का. एक शब्द तर बोलू द्या तिला."

"न्हाई बोलणार. मरंल, पर थांब म्हणणार न्हाई. अशा असत्यात बायका. मला ठावं हाय."

"मग ती बाई नाही, दगड आहे."

"असूदे."

"तुम्हीसुद्धा तशाच आहात," मी म्हणालो.

कुठून आलं ते तोंडात, मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. नऊ वर्षांचं पावणं आणि एकदाचं 'जेवलास का', त्यातून आलं. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. एक शेंग घेतलीत, फोडली नाहीत, पुन्हा सुपात टाकलीत. मग सांगायला लागलात. 'शैलानं पिशवी उचलली. दारात चपला घातल्या. बाहेर रिक्षा वाजली.'

त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही, आणि माझा सगळा घोटाळा तोच आहे. मी उठलो. वही उघडीच हातात होती, पेन्सिल बोटात. वकिलाच्या तोंडातून चप्पल ओढून घेतली. वाचून दाखवणं केलं नाही. आणि आपल्याकडं कुणाच्या दारातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो, शत्रूच्या दारातूनसुद्धा. मी 'जातो' म्हणालो. मुद्दाम म्हणालो.

दोन दिवस आलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी विद्याचा फोन. झोपेतच, काका. काही कळलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी मी वही उघडली. 'बाहेर रिक्षा वाजली', त्याच्यापुढं पूर्णविराम, आणि त्याच्यापुढं, ओळ सोडून, वाकड्या हातानं, उभ्यानं लिहिलेल्या तीन शब्दांच्या रेघा. ब, स. क. ज, र. हे वाक्य मी ऐकल्याचं मला आठवत नाही. माझ्या कानांनी नाही, हातानं ऐकलं. चौतीस वर्षांची खोड, समोरचं माणूस बोललं की हात चालायचा. मी ते लिहून घेतलं आणि निघून गेलो.

आता सांगा, कुणाला म्हणालात?

वकिलाला म्हणाला असाल तर 'बस'. दिवसातून पन्नास वेळा त्याला म्हणायचात. गंगव्वा शैलाला म्हणाली असेल तरीही 'बस', आणि मग माझं म्हणणं खरं ठरलं, तुम्ही ऐकलंत, दगड बोलला. कादंबरीचा शेवटच फिरतो. मला म्हणाला असाल तर 'बसा'. किंवा कदाचित, दुसऱ्यांदा, 'बस'. पुढं नुसता एक 'गं' असता, एक 'रं' असता, तर निकाल लागला असता. तुम्ही एरवी इतके गं आणि रं वापरायचात, त्याच दिवशी का नाही वापरलात?

पहिले काही दिवस मी ते गंगव्वाला देऊन टाकलं होतं. कागदावर उतरवलंसुद्धा. फार सुंदर शेवट होतो, आक्का. वाचणारा रडेल. पण वाचताना माझी मान ताठ व्हायला लागली, वाद जिंकलेल्या माणसासारखी, आणि मला माझीच लाज वाटली. मग वाटलं, नाही, ते माझं आहे. ते मला माझं हवं आहे. आणि लगेच भीती वाटली, कारण ते माझं असेल तर तुमच्यासारख्या मानी बाईनं मला थांब म्हटलं आणि मी चप्पल घालून चालता झालो. दोन्हीकडून माझी झोप गेली.

काल शेवटी मी साक्षीपुरावा घ्यायचं ठरवलं. त्या खोलीत तिसरा एकच जण होता. विद्याकडं गेलो. ती आता तुमच्याच घरी राहायला आली आहे, वकिलासाठी. तो एवढ्यात बराच वाढला आहे, भुंकणं मात्र कमी झालंय. त्याला समोर उभं केलं आणि तुमच्या आवाजात, जमेल तसं, म्हणालो, "बस की जरा." त्यानं कान टवकारले आणि दाराकडं बघितलं. बसला नाही. मग म्हणालो, "बसा की जरा." पुन्हा दाराकडं बघितलं. मी चारदा विचारलं, आलटून पालटून. प्रत्येक वेळी तो दाराकडंच बघत राहिला. विद्या स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "काका, काय चाललंय?" काही नाही म्हणालो. वकिलाला पोटाशी धरलं आणि दोघंही तसेच राहिलो. त्यानं कुणाच्याच बाजूनं साक्ष दिली नाही.

मग माझ्या ध्यानात आलं, की निकाल माझ्या पेशातच आहे आणि मी उगाच बाहेर शोधतोय. कोर्टात जबाब नुसता लिहून पुरा होत नाही. तो सांगणाऱ्याला वाचून दाखवावा लागतो आणि त्यानं बरोबर म्हणावं लागतं. तुम्ही रोज म्हणायचात, "बरोबर हाय, आता चटणी घ्या." त्या दिवशी मी वाचून दाखवलं नाही. म्हणून ती ओळ तुमची आहे, पण कादंबरीची नाही. तुम्ही मान्य न केलेलं वाक्य तुमच्या पुस्तकात घालायचा मला अधिकार नाही. 'रिक्षा वाजली' हे तुम्ही आठ दिवस घोळवलेलं होतं. तिथं मी कादंबरी संपवली. गंगव्वा गप्प राहिली, आक्का. तुमचं खरं झालं. आज सकाळी कागद प्रकाशकांना पाठवून दिले.

उरली एक ओळ. तिचं काय करायचं, हे तुम्हाला विचारता येत नाही. एवढं मात्र मला कळलं, की काना असो की नसो, वकिलाला असो, लेकीला असो की मला, तुम्हाला कुणीतरी बसायला हवं होतं. त्या खोलीतून कुणीतरी उठून चाललं होतं आणि ते तुम्हाला नको होतं. इतकी सोपी गोष्ट समजायला मला अठरा दिवस लागले, कारण मी आयुष्यभर लिहून घेतलं, समजून घेतलं नाही. माफ करा मला. 'तुम्हीसुद्धा तशाच' हे शब्द परत घेतो. ते खोटे होते आणि बोलतानाच मला ते ठाऊक होतं.

हे सगळं मी तुमच्या खोलीत बसून लिहितोय, लघुलिपीत नाही. काना, मात्रा, वेलांटी, जे ज्याचं ते त्याला दिलं आहे. नऊला आलो होतो. विद्या दोनदा चहा ठेवून गेली. आता दिवेलागण झाली, आणि ती दारात उभी राहून विचारते आहे, "काका, उशीर झाला, जायचं न्हाई का?"

म्हणालो, "बसतो की जरा."